काठावरचं बोट

माझी मुलगी ग्लासात पाणी ओतायची तेव्हा आधी डाव्या हाताचं बोट ग्लासाच्या काठावर ठेवायची. बोट जरासं आत वाकवलेलं, आणि त्या बोटाला लागून तांब्याची धार. थेंबही बाहेर जायचा नाही. तेव्हा ती चार वर्षांची होती. घरी कोणी आलं की मी मुद्दाम सांगायचो, "पाहुण्यांना पाणी दे बेटा," आणि लोक ग्लासाकडे बघतायत की नाही ते बघत बसायचो.

मेहकरला दिलेली माझी मोठी बहीण एकदा आली होती. तिने तो ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"बोट घालून पाणी देते व माय ही! हेच शिकवते का तुझी घरची शाळा?"

"बोट बुडत नाही, ताई. अंदाज घेते ते. चार वर्षाचं कोणतं लेकरू इतक्या सावकाश वतते, सांग बरं."

"सावकाश वतते, पण बोट घालूनच वतते न," असं म्हणून ती उठली आणि माठातून स्वतःच दुसरा ग्लास भरून प्यायली. मला राग आला. मुलांकडे नीट पाहण्याची या लोकांना सवयच नाही, असं मला वाटलं. मी नीट पाहतो, असाही माझा समज होता.

घरची शाळा ही माझीच कल्पना. चिखलीच्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात मी बरीच वर्षं कारकून होतो. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून बालवर्ग दिसायचा. तीन-साडेतीन वर्षांची मुलं पेन्सिल इतकी घट्ट धरायची की नखं पांढरी पडायची. माझं लग्न उशिरा झालं, चाळिशी उलटल्यावर मुलगी झाली, आणि तिच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही असं मी ठरवून टाकलं. नोकरी सोडली. गावाकडे रस्त्याला लागून आमची थोडी जमीन आहे, तिथे हिरवी जाळी लावून भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी सुरू केली. गावात विनोद झाला, "पोरीले नर्सरीत टाकलं म्हणते, अन् खरंच टाकलं!" मीही हसलो. मला तो विनोद आवडलाच होता.

दिवसभर ती माझ्यासोबत असायची. ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक बी टाकायची आणि टाकता टाकता मोजायची. ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, बोटाने अक्षरं काढायची, हाताने पुसून पुन्हा काढायची. बांबूची कामटी आणि नारळाच्या दोन करवंट्या यांचा तराजू आम्ही केला होता. त्यात एकीकडे ओली माती, एकीकडे कोरडी. सर्वांत आवडता खेळ बिया ओळखायचा. मी घरचं, औषधाचा रंग न लावलेलं बी वाटीत ठेवायचो. ती डोळे मिटायची, दोन बोटांत बी फिरवायची आणि सांगायची. टमाट्याचं लवदार, वांग्याचं गुळगुळीत, मिरचीचं चपटं. चुकायची नाही. रस्त्यावरून कोणती गाडी गेली, एसटी की काळीपिवळी जीप, कोणाचा ट्रॅक्टर, हेही ती न बघता सांगायची. रोपं न्यायला येणाऱ्या शेतकऱ्यांना मी हे सगळं करून दाखवायला लावायचो. ते म्हणायचे, "हुशार हाय हो पोरगी." ते ऐकायला मिळावं म्हणून मी कधी कधी रोपं द्यायला उशीर लावला आहे.

हा सगळा अभ्यास हाताच्या अंतरावरचा होता. फळा नव्हता, मागचा बाक नव्हता, लांबून वाचायचं काहीच नव्हतं. हे मला आता कळतं.

माझी बायको घरी ब्लाऊज शिवते. ती पहिल्यापासून म्हणत होती, "अंगणवाडीत तरी जाऊ द्या तिले. चार लेकरांत बसंन." मी ऐकलं नाही. चेंडू पोरीच्या छातीवर आदळतो आणि मग ती हात मिटते, हे तिने पाहिलं होतं. उन्हात आली की पोरगी डावा डोळा मिटून घेते, हेही तिनेच सांगितलं. मी म्हणालो, ऊनच तसं आहे. एकदा अंगणवाडीत मुलांचे डोळे-कान तपासायला डॉक्टर लोक आले होते. "नेऊन आणू का?" बायकोने विचारलं. मी म्हणालो की मिरचीचे ट्रे आज भरायचे आहेत, आणि तिला काय झालंय तपासायला? ट्रे दुसऱ्या दिवशीही भरता आले असते. पोरगी अंगणवाडीत का येत नाही, असं तिथे चारचौघांत कोणी विचारेल याची मला धास्ती होती. एवढ्याशा कारणासाठी मी तिला नेऊ दिलं नाही.

ती सहा वर्षांची झाली, त्या दिवाळीत माझ्या भावाची दोन मुलं बुलडाण्याहून आली. नर्सरीपुढच्या अंगणात तिघांची आंधळी कोशिंबीर रंगली. राज्य माझ्या मुलीवर होतं. डोळ्यांवर बायकोच्या शिलाईतली उरलेली पट्टी बांधली होती. मी बाजूला ट्रे धूत होतो. तेवढ्यात पुतण्या ओरडला,

"ए, चीटिंग! काका, पाहा न, हिची पट्टी सरकली! डाव्या डोळ्यानं पाहून राह्यली!"

मी वळून बघितलं. पट्टी खरंच तिरपी झाली होती. उजवा डोळा झाकलेला, डावा टक्क उघडा. मी हसतच पट्टी नीट करायला निघालो. तोवर तिने पुतणीला पकडलं होतं. दोघी समोरासमोर, हातभराच्या आत. माझी मुलगी उघड्या डोळ्याने सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती आणि हाताने तिचं मनगट चाचपत होती. पुतणी उंचीने माझ्या बायकोएवढी झाली होती, आणि सणाच्या हौसेने तिने बायकोच्याच बांगड्या घातल्या होत्या.

"आई!" माझी मुलगी म्हणाली. "आई हाये ही. आउट!"

पुतणी खो खो हसायला लागली. "नाटकं करते बे ही," पुतण्या म्हणाला. "डोळा उघडा हाये अन् आई म्हणते!"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. पट्टी काढली, तिचा उजवा डोळा माझ्या तळहाताने झाकला आणि विचारलं, "माझं तोंड दिसते का तुले?"

"थोडंसं. पांढरं पांढरं."

"केव्हापासून असं?"

"नेहमीच," ती म्हणाली. मग मीच काही बावळटासारखं विचारतोय अशा आवाजात तिने समजावलं, "तो पाहाचा डोळा नाही न, बाबा. एक हात लिवाचा असते, एक नसते. तसंच असते न ते."

बायको दारात येऊन उभी होती, हातात कात्री तशीच. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या डोळ्याचा नंबर फार जास्त आहे. डोळ्यातून धूसर दिसत होतं म्हणून मेंदूने तो डोळा वापरणंच सोडून दिलं. एकच डोळा काम करत असल्यामुळे वस्तू किती लांब, किती खोल, याचा अंदाज येत नाही. मी काठावरच्या बोटाचं सांगितलं. ते म्हणाले, "हो. तिने आपली सोय करून घेतली." मग त्यांनी विचारलं, "शाळेत कोणाच्या लक्षात नाही आलं?"

बायको म्हणाली, "शाळा घरीच होती." एवढंच. त्यात टोमणाही नव्हता.

"चौथ्या वर्षी आली असती तर सोपं होतं," डॉक्टर म्हणाले. "आता प्रयत्न करू. नजर किती परत येईल, हे मात्र मी सांगू शकत नाही."

चष्मा आला. रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि अधू डोळ्याकडून काम करून घ्यायचं, असं ठरलं. काम म्हणजे काय, तर मणी ओवणं, बिया निवडणं, पाणी ओतणं. डॉक्टर एकेक सांगत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. हे सगळं आमच्या घरी वर्षानुवर्षं चालूच होतं. फरक इतकाच की आता हाताने चाचपायचं नव्हतं, डोळ्याने बघायचं होतं.

ते महिने वाईट गेले. पट्टी लावली की ती रडायची, पट्टी नखाने उचकटायची. मी ताटात मिरचीचं आणि वांग्याचं बी मिसळून ठेवायचो आणि काडीने नुसतं दाखव म्हणायचो. तिचं बोट आपोआप पुढे यायचं. मी तिचा हात धरून मागे ठेवायचो. ज्या बोटांची मी गावभर जाहिरात केली, तीच बोटं मी पकडून ठेवत होतो, आणि का, ते तिला कळत नव्हतं. "बाबा, डोळे मिटून वळखाचा खेळ खेळू न," ती म्हणायची. तो खेळ तिला येत होता. त्या खेळात बाबा खूश असायचे. मी नाही म्हणायचो. एकदा तिने रागाने सगळं ताट उलटवलं, आणि मी तिच्यावर ओरडलो. नंतर गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो. बायकोने बी वेचलं.

जूनमध्ये तिला गावच्या शाळेत पहिलीत घातलं. बाई चांगल्या आहेत, तिला पुढे बसवतात. मी सकाळी सोडायला जातो आणि कारण नसताना फाटकाशी थांबतो.

मागच्या महिन्यात पुन्हा तपासणी होती. दवाखान्यात गर्दी होती. आम्ही तपासायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. आमच्या आधी एक शाळकरी मुलगा आत होता आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. माझी मुलगी पाय हलवत शांत बसली होती.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला. पहिल्या वेळी याच डोळ्याने तिला सगळ्यांत वरचं मोठं अक्षर तेवढं दिसलं होतं. आता तिने वरची ओळ वाचली, दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या न अडखळता.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. बायकोने तोंडावर पदर धरला. मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली.

मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी शंकाही आली. ही खुशी माझ्या ओळखीची होती. पाहुण्यांसमोर ग्लास भरला जायचा तेव्हा अशीच वाटायची. शिवाय न बघता एसटी ओळखणारे ते कान मी विसरलो नव्हतो. आताच तो मुलगा याच ओळी वाचून गेला होता.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "एकदा उलट्या बाजूने विचारता का?"

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मला नजर वळवावी लागली. मुलीचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी छडी उचलून मधलंच एक अक्षर दाखवलं. मग खालचं, मग पुन्हा वरचं.

आता ती हळू झाली. मान तिरपी करू लागली. डॉक्टरांनी मान सरळ केली. तिसऱ्या ओळीपर्यंत तिने सगळं सांगितलं, वेळ घेऊन, पण बरोबर. चौथ्या ओळीतली दोन बरोबर आली, एक चुकलं. मग ती म्हणाली, "नाही दिसत."

"तीन ओळी तिच्या," डॉक्टर म्हणाले. "कमी नाही हे. पण पट्टी सोडू नका. पुढे किती येईल, ते अजूनही मी सांगणार नाही."

परतीच्या एसटीत ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. सकाळची पट्टी राहिली होती म्हणून बायकोने बसमध्येच लावून दिली. चिखलीचा रस्ता निम्मा सरला तोवर ती माझ्याशी बोलली नव्हती.

"बाबा, तुम्ही काऊन उलटं विचाराले लावलं? मले आलं होतं न."

"ऐकून आलं होतं का पाहून?"

तिने बराच विचार केला. "आधी ऐकून," ती म्हणाली. "मंग पाहून."

"मंग पाहून किती दिसलं ते तर कळलं न आपल्याले," बायको म्हणाली. तिला म्हणाली की मला, ते नक्की कळलं नाही.

थोड्या वेळाने पोरीला तहान लागली. तिने बाटली उघडली, तिचं पेल्यासारखं झाकण डाव्या हातात धरलं आणि त्या हाताचं बोट सवयीने झाकणाच्या काठावर गेलं. मी बघत होतो. तिने ते ओळखलं आणि बोट काढून घेतलं. बाटली तिरपी केली तशी धार माझ्या गुडघ्यावर.

"सांडलं," ती म्हणाली.

"सांडू दे."

"तुम्ही नका पाहू बरं इकडे."

मी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर सोयाबीनची शेतं मागे जात होती. झाकणात पाणी पडल्याचा आवाज आला, मग ती प्यायल्याचा. बोट होतं की नव्हतं, मी पाहिलं नाही.