अक्षय तृतीयेची घागर

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आले. आर्वीला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तर जास्तच. तरी हे लिहितेय... कारण डोक्यातून जातच नाही.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. आमच्या ह्यांच्या स्वादुपिंडाला भयंकर सूज आली, भोवती पू साचला. वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि जठरातून नळी बसवून तो पू काढला. ताप उतरला. हे चक्क मुगाच्या खिचडीवरून चिडचिड करू लागले, तेव्हा मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे!

अक्षय तृतीयेच्या दुपारी सासूबाईंचा आर्वीहून फोन आला. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव घेऊन मातीची घागर भरतात. त्या दरवर्षी माझ्या सासऱ्यांच्या नावाने भरायच्या.

"घागर भरली तं पानी कमीच होऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा भरली, तरी तेच. खाली थेंब नाई."

मी वैतागले. उन्हाळा आहे, माती पाणी पिते, असं काहीबाही सांगितलं. तशा त्या रडायलाच लागल्या.

"बाई, भरताना माह्या तोंडातून लेकाचंच नाव निंघालं वं. डाक्टरले बोलाव."

जिवाला सारखा लेकाचा घोर... जिभेवर दुसरं काय येणार? मी समजूत काढणार, तेवढ्यात ह्यांच्याकडे लक्ष गेलं. पांढरेफटक पडलेले, कपाळावर घाम. जरा थकवा आहे, झोपू दे म्हणाले. एरवी झोपूही दिलं असतं. पण मी घाबरले — खरंच घाबरले — आणि डॉक्टरांना अक्षरशः ओढून आणलं.

नळीजवळची रक्तवाहिनी फुटली होती. रक्त सगळं आतल्या आत. तसंच ऑपरेशनला नेलं. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

घरी आल्यावर मी तीच घागर भरून ठेवली. तडा शोधला, अंगणात उन्हात ठेवून पाहिली. पाणी होतं तिथेच! का, ते मला आजही सांगता येत नाही.

हे ठणठणीत आहेत. सासूबाईंनी मात्र पुन्हा घागरीला हात लावला नाही, मीच भरते. मी ह्यांना नावाने हाक मारत नाही म्हणून मैत्रिणी चिडवतात — सायन्सची टीचर ना गं तू! चिडवू देत. निदान माझ्या तोंडून चुकून ह्यांचं नाव निघायची भीती नाही.

तरी झाकण काढून दिवसभर बघत राहते.