गोडानंतरची बातमी

बॉनच्या श्रीरंगचा पोटापाण्याचा उद्योगच मुळी संशय घेण्याचा. दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे फसेल ते शोधायचं, त्याचाच त्याला पगार मिळे. पण गोडाधोडाचा धसका त्याने पुण्याहूनच आणला होता. त्याच्या घरी वाईट बातमी कोरड्या तोंडाने सांगायची पद्धत नव्हती. वडिलांची बदली त्याला बासुंदीनंतर कळली, आजोबा गेल्याचं आइस्क्रीमनंतर. मोठेपणी त्यानेही तोच कित्ता गिरवला. जर्मनीला जायचं परस्पर ठरवल्याचं त्याने बायकोला, वसुधाला, मस्तानी पाजून सांगितलं होतं.

त्यामुळे एका रविवारी वसुधाने आपणहून सांज्याच्या पोळ्यांचा डबा भरला आणि ड्युइसबुर्ग शहरातल्या टेकडीवरचं शिल्प बघायला जाऊ म्हणाली, तेव्हा आता काहीतरी वाईट बातमी येणार, हे त्याने ताडलं. आठवडाभर ती दार लावून पुण्याला फोन करत होती. ‘एवढ्यात त्याला काही बोलू नका,’ हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हिवाळ्यात ती इथे कंटाळले म्हणाली होती, तेही त्याला आठवलं. ही मला सोडून पुण्याला परत जाणार, याबद्दल त्याची खात्रीच पटली.

गाडीत त्याने खडा टाकून पाहिला. पुण्यात सध्या हवा कशी असेल, असं विचारलं. बरी असेल, असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. हे तर त्याला फारच वाईट लक्षण वाटलं.

टेकडी पूर्वीच्या जस्ताच्या कारखान्याच्या धातुमळीची होती. वरून छान गवत लावलं होतं, पण आत काय पुरलंय कोण जाणे, असं श्रीरंगच्या मनात आलं. माथ्यावर शिल्प म्हणून जत्रेतल्या रोलर कोस्टरसारखा वळणावळणाचा लोखंडी जिना होता आणि त्यावर फुकट चढता येत होतं. मधलं उलटं वेटोळं मात्र माणसाला चालण्याजोगं नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंनी वाट बंद केली होती.

वसुधा डबा उघडू लागली, तसा तो घाईने म्हणाला, आधी चढू या, तू इकडून, मी तिकडून. तेवढीच बातमी लांबली.

तो वर पोहोचला तर वेटोळ्याच्या पलीकडे कठड्याशी वसुधा उभी. आता पळायलाही जागा नव्हती.

“वसुधा, काय ते एकदाचं सांगून टाक,” तो म्हणाला. “तू जाणार आहेस ना?”

कुठे जाणार, हे तिला आधी उमजेना. मग तिला कळलं, आणि तिचा चेहरा पडला.

“आईंना फोन करून पोळ्या शिकत होते,” ती म्हणाली. “श्रीरंग, तू केक आणलास की अजून माझे हातपाय गार पडतात. माझ्या बाबांच्या शेवटच्या आजारात मला जाता येणार नाही, हेसुद्धा तू केक खाऊ घालून सांगितलंस. म्हटलं, एकदा तरी आपण नुसतं गोड खावं.”

श्रीरंगला फार शरम वाटली. पलीकडे जायला वाट नव्हती. तो सगळा जिना उतरला, वळसा घालून दुसऱ्या बाजूने पुन्हा चढला आणि धापा टाकत तिच्याशेजारी बसला. तिने डबा पुढे केला.

त्याने पोळी संपवली आणि सवयीने बातमीसाठी तिच्या तोंडाकडे बघत थांबला.

वसुधाने डब्यात हात घातला. तिने त्याच्या हातावर दुसरी पोळी ठेवली.