सतरा नंबरचा शिक्का

दिघीची कस्तुरा गायकवाड निघोज्याच्या कारखान्यात बावीस वर्षं एकच काम करत आली. लोखंडी भागाला लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची आणि दहा मिनिटं थांबायचं. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नसली की आपला शिक्का ठोकायचा, नंबर सतरा. त्या दहा मिनिटांत बाया शेंगा सोलत, सुनांची उणीदुणी काढत; पण पावडरीवरून नजर हलत नसे.

ऑक्टोबरात रोपवेच्या चिमट्यांची ऑर्डर आली. पाळणा दोराला धरून ठेवतो तो हा चिमटा. माल उत्तरेतल्या एका बर्फाच्या डोंगरावर जायचा होता. शेवटच्या दिवशी ट्रक दारात उभा. सुपरवायझर नानासाहेब डोक्याशी येऊन म्हणाले, "कस्तुराताई, पावडरीला अंगाई म्हणताय का? मारा शिक्के!" ट्रेमध्ये बारा चिमटे उरले होते. तिनं दोनच मिनिटं दिली आणि बाराही ठोकले.

जानेवारीत तिची लेक मिनल हॉटेलच्या ट्रेनिंगला निघाली. कॉलेजनं आयत्या वेळी जागा बदलली. पोचल्यावर मिनलनं व्हिडिओ कॉल केला. मागं भिंतीसारखा उभा पांढरा डोंगर, त्यावरून घसरत येणारी माणसं आणि पाटीवर गावाचं नाव. चिमट्यांच्या खोक्यांवर होतं तेच.

"हॉटेल वर आहे, आई. रोज पाळण्यानं जायचं. नवेकोरे आहेत, याच सीझनचे."

दुसऱ्या दिवशी कस्तुरानं नानासाहेबांना गाठलं. ते हळूच म्हणाले, "गेलेला माल गेला, ताई. शिक्का कुणाचाय? अडकाल तुम्हीच."

ती परत पावडरीपाशी गेली. संध्याकाळी मिनलला म्हणाली, "पाळण्यात बसू नकोस. माझी शपथ आहे."

"मग काय उडत जाऊ?"

"चालत जा."

मिनल हमालांच्या वाटेनं चढू लागली. दोन तासांनी "पोचले" म्हणून फोन येईपर्यंत इकडे कस्तुरा फोन हातातून खाली ठेवत नसे.

चौथ्या सकाळी फोन लवकर आला. मिनल वैतागली होती.

"आत्ताच चढायला लागलेय. शाळेची सहल आलीय, आई. पोरं डोक्यावरून चाललीत, पाळण्यातून मला हात करतायत. सगळे वेडी म्हणतात मला. आता तरी सांग, का चालायला लावतेस?"

चार दिवस तिनं आपलं एकच लेकरू खाली उतरवून घेतलं होतं. बाकीच्यांची बसू दिली होती.

"मिनू, मागं फिर. पाळणे चालवणाऱ्या माणसाला फोन दे. पळ!"

बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज, मिनलची धाप, मग एका पुरुषाचा आवाज. "कौन?"

कस्तुरानं नाव सांगितलं, कारखाना सांगितला, शिक्क्याचा नंबर सांगितला. "बारा चिमटे मैंने ठीक से देखे नहीं, भाऊ. बंद करो."

त्याच्या मागं चाकाची घरघर चालूच होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.