जावेच्या गोळ्या

केस कापण्यात थोरलीचा हात धरेल असं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. पण धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली, बाहेरच्या खोलीतल्या पार्लरमध्ये दुसरी खुर्ची मांडून उभी राहिली, आणि थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. कारण धाकटीची वेणी. मनगटाएवढी जाड आणि कमरेखाली लोळणारी! गिऱ्हाइकं यायची थोरलीच्या नावावर आणि डोळे लागायचे त्या वेणीकडे. "काय लावता हो तुम्ही?" असं विचारत निम्म्या बायका धाकटीच्याच खुर्चीत बसायच्या. आरशात स्वतःचं विरळ डोकं दिसलं की थोरली मनात म्हणायची, हे असले केस घेऊन मी लोकांना काय सल्ला देणार, कपाळ!

वेणी काही कुणी कष्ट करून मिळवत नाही, हे तिलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? जळायचं ते जळतच होतं. पार्लर तिने उभं केलं होतं, आणि उद्या तिथे तिला कुणी विचारणार नाही, ही धास्ती तिच्या मानगुटीवर बसली होती.

एकदा धुतलेले टॉवेल ठेवताना जावेच्या कपाटात गोळ्यांची बाटली दिसली. वर लिहिलं होतं, सेलेनियम. "अस्सं! तरीच म्हटलं, वेणी एवढी कशी!" थोरली पुटपुटली. जावेला सरळ विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारणं म्हणजे हार मानणं, आणि ते तिच्या जिवावर आलं.

औषधाच्या दुकानात तिने तीच बाटली मागितली. दुकानदार म्हणाला, "हे खनिज शरीराला हवं असतं, पण अगदी कणभर. अंडी, मासे, धान्य यातून बहुतेकांना मिळतंच. रोज एकच गोळी हं, वर नको. डॉक्टरांनी दिलीय ना?"

"मग काय, मनाने घेतेय?" थोरलीने ठोकून दिलं.

पहिले काही आठवडे तिने इमानाने एकच घेतली. केस जिथल्या तिथे. आता तिच्या धंद्यात एक कायदा होता. हट्टी केसांवर रंग धरेना की माल वाढवायचा. तोच कायदा तिने गोळीला लावला. आधी सकाळ-संध्याकाळ, मग दोन-दोन, मग जेवणानंतर चक्क बडीशेप खावी तशा.

एके दिवशी नवरा नाक मुरडून म्हणाला, "अगं, कच्चा लसूण खाल्लास की काय?"

"अहो, घरात लसूण आहे कुठे!" ती खेकसली.

मग नखं पांढरी पडून तुटायला लागली. आणि एका सकाळी कंगव्यात केसांचा हा एवढा पुंजका आला. गोळ्यांचा संशय तिला शिवलाही नाही. संशय आला तो थेट जावेचा. गिऱ्हाइकांनी भरलेल्या पार्लरमध्ये ती कडाडली, "माझ्या तेलात काय कालवलंस गं? माझी खुर्ची हवीय ना तुला?"

धाकटीने हातातली कात्री खाली ठेवली. पण ती भांडली नाही. थोरलीची नखं बघून म्हणाली, "ताई, आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बाटली बाहेर निघाली. "अहो, कमी पडलं तर त्रास, पण जास्त झालं तर तेही विषच. केस जातात, नखं तुटतात, तोंडाला लसणाचा वास येतो. गोळ्या आजपासून बंद. केस येतील, पण धीर धरा."

"पण हिला चालतात ना?" थोरलीने जावेकडे बोट केलं.

"माझ्या रक्तात कमी निघालं होतं, ताई, म्हणून थोडे दिवस दिल्या होत्या. केव्हाच बंद झाल्या," धाकटी म्हणाली. "केस आईवर गेलेत माझे."

घरी आल्यावर थोरली धाकटीच्या खुर्चीत बसली. "काप. आखूड कर," एवढंच म्हणाली. राहिलेल्या केसांतून धाकटीने विरळ जागा अशा झाकल्या, की थोरली आरशाकडे बघतच राहिली. मेलीने कापलेत मात्र झकास! आणि हे झकास आहे, हेच तिला सोसेना.

"कसे झालेत?" धाकटीने विचारलं.

"मागे डावीकडे लांब राहिलेत," थोरली म्हणाली. राहिले नव्हते.

धाकटीने वाकून बघितलं. "हो की! बरं झालं सांगितलंत, ताई. माझ्या नजरेतून सुटलंच होतं."

आणि तिने कात्री चालवली. केस कापणाऱ्या कात्रीचा आवाज कसा येतो आणि नुसत्या हवेत चालणाऱ्या कात्रीचा कसा, हे थोरलीला कुणी शिकवायला नको होतं. मानेमागे कात्री दोनदा हवेतच वाजली.

"आता बरोबर?" धाकटीने विचारलं.

"आता बरोबर," थोरली म्हणाली, आणि तिला जावेसमोरच रडू फुटलं.