आबांचं नाव कसं लिहू?

मंडळी, दुपारपासून डोकं चालेना झालंय, म्हणून इथं लिहितेय.

मी सोलापुरात बी.ए.ला आहे. ‘माळरानावर मेंढ्या चारायला बंदी असावी का?’ यावर निबंध द्यायचाय. मी ‘नसावी’ असं लिहिलं, कारण माझे आबा, म्हणजे वडील, मेंढ्या राखतात. पुरावा म्हणून नेटवरचे आठ उतारे लेखकांच्या नावांसकट चिकटवले.

आज मॅडमनी निबंध परत दिला. "यातले सहा तर बंदीच्या बाजूचे आहेत. तू वाचलेस तरी का?"

वाचले नव्हते. बाहेर येऊन आबांना फोन लावला. ते अक्कलकोटच्या पुढं रानात होते. बंदीवाले म्हणतात तसं मेंढ्यांमुळं माळ उजाड होतो का, असं विचारलं.

"एका जागी लई दिस थांबत न्हाय आमी," आबा म्हणाले. "समदं गवत एकदाच खाल्लं तर पुढच्या साली कुटं जायचं?"

मग ते आठही उतारे वाचून काढले. हे त्यांत कुठंच नव्हतं. मॅडमना जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "बंदीवाल्यांच्या मुद्द्याला हेच उत्तर दे. खाली वडिलांचं नाव, गाव आणि तारीख घाल."

मी लगेच पुन्हा फोन करून आबांना सांगितलं.

"माझं नाव नगं घालू, बाई. अडाणी माणसाचं नाव बघून तुजं मार्क कापत्याल."

किती समजावलं, ऐकतच नाहीत. नावाशिवाय मॅडम आधार धरणार नाहीत. उद्या अकराला निबंध द्यायचाय आणि ती ओळ अजून रिकामी आहे.

ज्यांचं एक वाक्य वाचलं नव्हतं, त्यांची नावं मी बिनधास्त लिहिली होती. आता आबांना काय सांगू, सांगा की.