मोदकपात्रातले मोमो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — मन हलकं करायचा मला काय हक्क? राग येतो म्हणून सांगतेय. स्वतःचा. इतका, की भांडी घासताना कधीकधी हातातली वाटी आपटते.

रुबीना आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, खोपोलीत, शिळफाट्याजवळ. घरून मोमो करून विकायची. बिल्डिंगमधली पोरं शाळेतून आली की आधी तिच्या दारात. तिच्या मोमोंना ज्या बारीक कळ्या असायच्या ना, त्या मी शिकवलेल्या — मोदकाच्या. तिनं मला सारण शिकवलं. चिकनचा खिमा, कांदा, आलं-लसूण, मिरपूड, थोडा सोया सॉस. आणि मैदा मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास. मैत्रीण होती माझी. हे आधीच सांगून ठेवते.

श्रावण होता. सासूबाई नणंदेकडे कळंबला गेल्या होत्या. आमच्याकडे एरवी दर रविवारी मटण शिजतं, पण श्रावणात अंडंही नाही. आणि मला मोमो खायचे होते. नुसते जिभेचे चोचले, दुसरं काही नाही. रुबीना मदतीला वर आली. मी माळ्यावरून मोदकपात्र काढलं — ते फक्त गणपतीत निघतं, एरवी त्याला कुणी हात लावत नाही. तिनं ते लगेच ओळखलं. "हे देवाचं हाय ना गं? राहू दे, मी माझं आणते," म्हणाली. दोन मिनिटांचं काम. एक जिना उतरायचा नि चढायचा. मी म्हटलं, कोणाला कळतंय?

कळलं. हरतालिकेच्या दिवशी सासूबाईंनी पात्र खाली काढलं, तर जाळीच्या खालच्या बाजूला खिमा वाळून चिकटलेला. नीट घासलंही नव्हतं मी. चोरी केली, तीही धड जमली नाही. "ह्यात काय शिजवलं गं?" त्यांनी विचारलं. आता बघा — ओरडल्या असत्या. चार दिवस अबोला धरला असता. माझ्या माहेरचा उद्धार झाला असता. एवढंच ना? कुणी फासावर चढवणार होतं का मला? पण माझ्या तोंडून निघालं — रुबीनानं मागून नेलं होतं.

विचारसुद्धा करावा लागला नाही, हे सगळ्यात वाईट. तिचंच नाव का आलं? समोरच्या काकूंचं का नाही? कारण रुबीना मुसलमान. तिचं नाव घेतलं की पुढे कुणी एक प्रश्न विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्याबद्दल आमच्या घरात पाठीमागे जे बोललं जायचं, ते मी ऐकून घेत आले होते. त्या दिवशी ते कामाला आणलं.

सासूबाई तडक खाली गेल्या. मी मागोमाग. तिच्या दारात उभ्या राहून त्या काय काय बोलल्या, ते मी लिहिणार नाही. रुबीनानं माझ्याकडे पाहिलं. मी दाराबाहेरच्या चपला बघत राहिले. "चुकलं काकी," ती म्हणाली. बस्स. मला तर तिचाही राग आला — माझं पितळ उघडं का नाही पाडलं तिनं? इतकं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं? असा राग धरताना मला लाज कशी वाटली नाही?

दोन दिवसांत बिल्डिंगभर झालं. तिच्या मोमोंच्या ऑर्डरी बंद पडल्या. त्या दारात जायचं नाही म्हणून आयांनी पोरांना दम दिला. माझ्या मुलाला मी दिला. वर्षभरात ती माणसं दहिवलीला राहायला गेली. टेंपोत सामान चढत होतं तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आता धाकट्या दिराची बायको घरात आलीय. यंदा गणपतीच्या आधी सासूबाईंनी तिला सगळी हकिगत सांगितली — जुनं मोदकपात्र भंगारात का घातलं, कुणी बाटवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खरं ना गं?"

सासूबाई हल्ली थकल्यात. आवाज चढवायचाही जोर त्यांच्यात उरलेला नाही. घरात आम्ही तिघीच होतो. भ्यायला काही कारणच नव्हतं.

मी हो म्हणाले.