तांडेलचाचांचं लायसन

तांडेलचाचा गळाला लागलेला मासा आधी शिंप्याच्या टेपने मोजायचे. ठरलेल्या मापापेक्षा बोटभर जरी कमी भरला, तरी तो खाडीत परत जायचा. "जा, मोठा होऊन ये," असं त्याला बजावायचे आणि परीक्षेत पास झाल्यासारखे आमच्याकडे बघायचे.

अबुधाबीतल्या आमच्या कंपनीच्या कामगार कॅम्पात ते स्टोअरकीपर होते. तरुणपणी रत्नागिरीकडे होडीवर तांडेल, म्हणून तेच नाव पडलं. भर समुद्रात होडी हाकलेला माणूस इथे पुलाजवळच्या खडकावर गळ टाकायला सरकारी लायसन काढतो, याची आम्ही यथेच्छ टिंगल करायचो. चाचा शांतपणे म्हणायचे, "गावचा दर्या आपला. इथं आपण पावणे. पावण्यानं विचारल्याबिगर मडक्यात हात घालू नये."

ते लायसन मोबाइलवर मीच काढून दिलं होतं. दहा मिनिटांचं काम. चाचांनी त्याची प्रिंट प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवली. कुणी विचारो न विचारो, खडकावर बसण्याआधी एकदा खिसा चाचपायचेच.

मी साताऱ्याकडचा, विहिरीत पोहलेला. रविवारी त्यांच्याशेजारी बसलो की गळाची काठी हातात घ्यावीशी वाटायची. पण ते देत नसत.

"तुझं लायसन कुठाय? ते काढ, मग शिकवतो. माझ्या पोरांनी कधी गळ धरला नाही, बेटा. जाण्याआधी एकाला तरी शिकवून जायचंय."

"काढतो चाचा, इन्शाल्ला."

"तुझं इन्शाल्ला म्हणजे बोलाचीच कढी."

मग रविवारचा ओव्हरटाइम सुरू झाला. पुढच्या आठवड्यात काढू, म्हणता म्हणता वर्ष गेलं. एक दिवस कंपनीने वय झालं म्हणून चाचांना घरी पाठवायचं ठरवलं आणि व्हिसा रद्द झाला. विमानाला अजून आठ दिवस होते. शेवटच्या रविवारी आम्ही दोघं खडकावर गेलो. चाचांनी काठी आणली होती, पण ती कापडातून बाहेर काढली नाही.

"व्हिसा खलास, तर लायसन पण खलास," ते म्हणाले.

"कोण बघतंय चाचा? टाका गळ."

"मी बघतोय ना."

माझ्याकडे लायसन असतं, तर त्या दिवशी काठी मी धरली असती आणि शेजारी बसून त्यांनी मला शिकवलं असतं. ते दोघांनाही कळत होतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, म्हणून मला आजही जास्तच लाज वाटते.

निघताना त्यांनी काठी आणि टेप माझ्या हातात दिली. "पहिला मासा मापात बसला तरी सोड. तो दर्याचा. दुसरा तुझा."

महिनाही झाला नाही, तोच त्यांच्या मुलाचा फोन आला. चाचा सकाळी झोपेतून उठलेच नव्हते. त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी माझं लायसन काढलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रविवारी खडकावर गेलो. गळ कसा टाकायचा ते नीट येत नव्हतं. पाहून पाहून जेवढं लक्षात होतं, तेवढं केलं. बऱ्याच वेळाने एक मासा लागला. टेप लावली. चांगला मापात बसत होता. पहिला, म्हणून सोडून दिला. दुसरा लागलाच नाही. ऊन चढल्यावर काठी कापडात गुंडाळली, खिसा चाचपला आणि शेजारच्या रिकाम्या खडकाला म्हणालो, "चाचा, लायसन काढलं."